दात बघून लिहिलेलं वय

"आ कर," डॉक्टर म्हणाला.

मी तोंड उघडलं. त्यानं पेनाच्या टोकानं माझा ओठ वर केला, दात बघितले आणि कारकुनाला सांगितलं, "लिही. पन्नास."

माझं वय छत्तीस होतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. साखर कारखान्यात हंगामी माणसं कायम करत होते. पंचेचाळीसच्या वरचा बाद. जन्माचा दाखला आमच्यात कुणाकडंच नव्हता, मग डॉक्टर अंदाजानं वय ठरवायचा. काष्टीच्या बाजारात बैलाचं ठरवतात तसं. रांगेतले चारदोन जण फिदीफिदी हसले. लई लाज वाटली.

अकरा हंगाम मी गंधकाच्या भट्टीवर काढले. त्या धुरानं उसाचा रस गोरा होतो. माझे दात झिजून काळे पडले, खोकला छातीत घर करून बसला. माझ्या आधी तिथं थोरला भाऊ होता. चाळिशी बघितली न्हाई त्यानं. तो गेला तशी त्याची जागा मला दिली, उपकार केल्यासारखी. त्याच्या आधीचे दोघंही असेच खोकून गेले. लोक म्हणायचे, दोरी तेवढीच होती. मीही तेच म्हणायचो. बैलच होतो मी.

डॉक्टरशेजारी लेबर ऑफिसर बसला होता. आमच्याच गावच्या बागायतदाराचा मुलगा. आम्ही दोघं एकाच शिमग्यात जन्मलो, दोघांची नाळ माझ्या आजीनं कापली. त्याला हे ठाऊक होतं. पण तो मान वर करीना.

मी विचारलं, "साहेब, तुमचं वय काय?"

कारकूनच बोलून गेला, "साहेबांना छत्तीस."

"माझं बी तेवढंच हाय."

"तोंड तर पन्नास सांगतंय," डॉक्टर म्हणाला.

अंगाचा नुसता भडका उडाला. म्हटलं, "छत्तीस माझी. वरची चौदा भट्टीनं खाल्ली. ती भट्टीच्या नावावर लिवा."

आता कुणी हसलं नाही. कारकुनानं अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं सरकवला. मी हात मागं घेतला. पन्नासवर अंगठा दिला नाही. कायम व्हायचं राहिलंच, हंगामी कामही गेलं.

आठ दिवसांनी शिपाई घरी आला. भट्टीची जागा मोकळी आहे, धाकट्या भावाला पाठवा म्हणाला. भाऊ सदरा घालून निघालाच होता. मी दारात आडवा झालो.

शिपायाला सांगितलं, "आमच्या घरातला माणूस आता त्या भट्टीवर येणार न्हाई. धूर बाहेर काढायची सोय होत न्हाई, तवर दुसऱ्याच्या घरातला बी येऊ देणार न्हाई. उद्यापासून गेटवर मी उभा हाय. सांग तुझ्या साहेबाला."