गुडमुंडनं उपटलेल्या फांद्या

माझा नवरा गुडमुंड म्हणजे गावाचा फांद्यावाला. ईस्टरच्या सुट्टीतली स्कीवाल्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत तो पहारीनं बर्फात भोकं पाडतो आणि डोंगरावरच्या झोपडीपासून गावापर्यंत बर्च झाडाच्या फांद्या रोवत येतो. वादळात एका फांदीवरून दुसरीवर नजर ठेवली की माणूस जिवंत घरी पोचतो. एकदा एका पाहुण्यानं शेकोटीसाठी एक फांदी घेतली, तर या बाबानं त्याला असा झापला की तो कॉफी अर्धी टाकून पळाला. मी म्हणायचे, "माझा वाढदिवस विसरतोस, फांद्या मात्र पाठ."

त्या शनिवारी आम्ही दोघं वरच्या झोपडीतून स्कीवरून घरी निघालो होतो. शाळेतली बाई टुरिड आणि तिचा म्हातारा बाप हाल्वोर जेवून मागून येणार होते. अर्ध्या वाटेत वादळानं गाठलं आणि उतारावर पडून माझा पाय मोडला.

गुडमुंडनं फावडं काढलं. वाटेला लागूनच बर्फात खड्डा खणला, मला आत ओढलं, खड्ड्याच्या तोंडावर कापडी पिशवी ताणून बांधली. आता रात्र इथेच काढायची, हे न बोलता ठरलं. थंडी खालून खाते, म्हणून रेनडियरचं कातडं माझ्याखाली सारलं. तरी माझे दात वाजायचे थांबेनात. तो बाहेर गेला आणि काखेत फांद्या घेऊन आला.

मला वाटलं, वाऱ्यानं पडल्या असतील. पण बुडाशी बर्फाचे गोळे तसेच चिकटलेले होते.

"वाटेवरच्या उपटल्यास?"

"ओठ निळे पडलेत तुझे."

"अरे, मागून टुरिड येतेय. हाल्वोर येतोय."

"माहीत आहे. पण आत्ता मला तूच दिसतेस."

दुसरी बाई असती तर गहिवरली असती. मला त्याची भीतीच वाटली. इतकी वर्षं ज्याच्या शेजारी झोपले तो हा माणूस नव्हेच.

"यांच्यावर मी निजणार नाही."

"मग कुठं जाशील, मोडक्या पायानं?"

"कुठं नाही. इथेच बसून तुला शिव्या घालीन. ती दोघं मेली तर जन्मभर घालीन."

त्यानं दमदाटी करून फांद्या माझ्याखाली सारल्याच, आणि आमच्या स्की आणि काठ्या उचलून बाहेर गेला. पिशवीच्या फटीतून मला दिसत होतं, फांद्यांच्या रिकाम्या भोकांत तो एकेक रोवत गेला. शेवटच्या भोकापाशी हातात काही उरलं नाही, तेव्हा तिथे स्वतःच उभा राहिला आणि ओरडत राहिला. हात उघडे होते; हातमोजे त्यानं माझ्या पायाला गुंडाळले होते.

अंधारून आलं तेव्हा आधी हाल्वोर रांगत आत शिरला. "फांद्यांच्या जागी स्की बघून वाटलं, कुणीतरी गेलंय. पुढे बघतो तर हा उभा, तोही गेल्यासारखाच."

टुरिडनं गुडमुंडला ओढत आणलं. त्याची बोटं पांढरीफटक पडली होती. ती बोटं आपल्या हातांत घेऊन ऊब देत टुरिड म्हणाली, "फांद्या कुठल्या नालायकानं उपटल्या? माझा बाप मेला असता आज."

वाऱ्यानं उडाल्या म्हणून सांग, असं मी मनातल्या मनात गुडमुंडला विनवत होते.

"मी उपटल्या," तो म्हणाला.

टुरिडनं त्याचे हात सोडून दिले आणि तोंड फिरवलं. हाल्वोरनं कोटाची बटणं काढली आणि ते हात आपल्या पोटाशी धरले.