डबा उचला, टेबलाला ओरखडा पडेल

"डबा उचला." पाचोऱ्याच्या शाळेत बाईंच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. मी नवीन शिक्षिका, भूक लागलेली, पहिला घास हातात. बाईंनी माझा स्टीलचा डबा स्वतःच उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि टेबलावर तळवा फिरवला. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल, ज्याच्यामुळे जेवण अंगी लागत नाही. आमच्याकडे बाई होत्या.

स्टाफरूममधलं ते सागवानी टेबल पॉलिशचं नव्हतं, जवसाचं तेल दिलेलं होतं. तेलाच्या लाकडाला ओरखडा लवकर दिसतो, पण तेवढीच जागा दुरुस्त करता येते, हे बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सांगून थांबत्या तर प्रश्न नव्हता. पर्समधून बारीक पॉलिश पेपर निघायचा, लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलकं घासणं व्हायचं, भुकटी पुसायची, मग चिंधीने तेल. उरलेलं तेल पुसून घेतलं, तरी दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे कुणी काही ठेवायचं नाही. दर आठवड्याला टेबलाचा एक कोपरा असा बंद असायचा आणि आम्ही उरलेल्या जागेत कोपराला कोपर लावून वह्या तपासायचो.

एकदा सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा शिपायाने नेमका ओल्या तेलावर ठेवला. खालच्या उत्तरपत्रिका पारदर्शक झाल्या. पुढच्या पानावरची उत्तरं मागच्या पानावर वाचता येऊ लागली. मुख्याध्यापकांनी बाईंना जाब विचारला. बाईंनी आधी टेबल पाहिलं. कागदाने तेल ओढून घेतलं होतं. चिडल्या की त्यांची घरची अहिराणी बाहेर यायची. "बठ्ठं वाटोळं करी टाकं," त्या म्हणाल्या, आणि हे सगळं वाटोळं त्या उत्तरपत्रिकांचं म्हणत नव्हत्या. सर हात जोडून निघून गेले.

एवढा जीव का, ते मी एकदा वैतागून विचारलंच. त्यांनी तेल लावता लावता सांगितलं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा टेबल फक्त पुरुष शिक्षकांना होतं. बायका कपाटाजवळच्या बाकावर बसून मांडीवर वह्या तपासायच्या. बाई संस्थेच्या प्रत्येक बैठकीत जाऊन उभ्या राहिल्या, शेवटी कंटाळून संस्थेच्या लोकांनी हे टेबल करून दिलं. "मागून घेतलेली वस्तू खराब झाली, तर दुसऱ्यांदा कोण देणार?" एवढं बोलून त्यांनी मला कोपर उचलायला लावलं.

माझं बाळ पोटातच गेलं, त्यानंतर मी कामावर रुजू झाले तेव्हाची गोष्ट. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, कुणी फारच बघत होतं. बाईंनी माझ्या हातात पॉलिश पेपर दिला. म्हणाल्या, "इथे घास. हलक्या हाताने." मला संताप आला. या बाईला आजही टेबलच दिसतंय, असं वाटलं. पण नाही म्हणायचंही त्राण नव्हतं, म्हणून घासत बसले. तासाची घंटा झाली. मी उठायला लागले, तर बाई माझा खडू-डस्टर घेऊन दारातून बाहेर पडत होत्या. त्या आठवड्यात माझे सातवीचे सगळे तास त्यांनी घेतले आणि मला रोज नवा ओरखडा दाखवून ठेवला. त्यातले काही मला दिसलेही नाहीत.

बाई निवृत्त झाल्या, धुळ्याला भावाकडे राहायला गेल्या. सरांनी पुढच्याच सोमवारी टेबलावर काच बसवली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, डबे बिनधास्त ठेवले. दोन दिवसांनी काचेखाली एक धुरकट डाग उमटला. जायच्या दिवशी, निरोपाच्या चहाआधी, बाईंनी तिथे तेल दिलं होतं, ते आत अजून पुरतं वाळलं नव्हतं.

मी फोन केला. बाईंनी माझी चौकशी केली नाही. "काच कोणी घातली? काढा ती. लाकडाला हवा लागते," म्हणाल्या. मी सरांना सांगितलं. सर बघू म्हणाले.

काच अजून तशीच आहे. परवा एक नवीन शिक्षिका रुजू झाली. तिने डबा काढायच्या आधी ओढणीच्या टोकाने तो डाग पुसला, जात नाही म्हणून तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसला. तो खालच्या बाजूने आहे, असं मी तिला सांगितलं.