माझा निबंध, मेघनाचा आवाज

तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी लिहिलेला निबंध माझ्यासमोर दुसऱ्या मुलीने वाचला. कापूस मातीमोल जात होता त्या वर्षांतली ही गोष्ट. निबंधवाचनाच्या स्पर्धेसाठी मी एका दिवसाची वेचणी बुडवली होती.

विषय चीनचा होता. १९१९च्या मे महिन्यात पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर का उतरले आणि त्याआधी त्यांनी आपल्या घरातलं, पुस्तकांतलं काय काय नाकारलं. इतिहासाच्या सरांनी निबंध वाचला, उत्तम म्हणाले आणि वाचायला जिनिंग मिलच्या मालकांच्या मेघनाच्या हातात दिला.

"लिहिलं छान. पण तुमच्या वस्तीतलं ते मले-तुले स्टेजवर नको. कॉलेजची इज्जत आहे."

मी मान हलवली. होकाराची.

मेघना वाचू लागली. मला तिचा हेवा वाटला. कपड्यांचा नाही. कागद धरलेले तिचे हात थरथरत नव्हते, त्याचा. माझ्या वाक्यावर ती थांबली की सभागृह थांबायचं. टाळ्या झाल्या. त्या मला हव्या होत्या. ती अडखळावी असं मला सारखं वाटत होतं. ती अडखळली नाही.

मग परीक्षकांनी तिला विचारलं, "या विद्यार्थ्यांचा जुन्या ग्रंथांच्या भाषेवर राग का होता?"

मेघना हातातले कागद चाळू लागली. मी पहिल्या रांगेत, स्टेजच्या पायरीजवळ होते. सर माझ्या कानाशी वाकले. "सांग ना तिले हळूच!"

मी उभी राहिले.

"ते भाषा शिकलेल्यायचीच होती, सर. गरिबाले तिच्यात तोंड नव्हतं. म्हणून त्या पोरायनं ठरवलं, बोलतो तसंच लिहायचं. अन् हा निबंध मी लिहिला."

मागून कोणी ओरडलं, "चीनवाली आली बे!" हशा झाला. तो संपेपर्यंत मी उभी होते.

तरी बक्षीस मेघनाच्याच नावावर गेलं. आई म्हणाली, "मंग कायले बुडवली वेचणी?" दुसऱ्या दिवशी मी वेचणीला गेले. मेघनाचा हेवा गेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात सरांनी विद्यापीठाच्या स्पर्धेचा विषय आणला. "तू लिही. मेघना वाचेल."

"लिहीन मी, तं वाचीन बी मीच."

"मग राहू दे."

त्या वर्षी आमच्या कॉलेजातून एकही निबंध गेला नाही.