फ्लॉसीमावशीचा अंगठा

फ्लॉसीमावशीच्या उजव्या अंगठ्याला वसईतल्या त्या वाडीत जो मान होता, तो फादरच्या प्रवचनालाही नव्हता. पोराचं पोट दुखलं की त्याला चटईवर उताणं निजवायचं, कोमट खोबरेल लावायचं आणि अंगठा बेंबीवर टेकवायचा. "सरकलीय!" मावशी जाहीर करायची. सरकली नाही, असं ती कधी म्हणाल्याचं कुणाला आठवत नाही. मग चोळून चोळून बेंबी जागेवर आणायची.

पण नात डायनाच्या पोटात दुखायला लागलं ते वेगळंच. ताप, उलट्या, उजवा पाय पोटाशी.

"आई, डॉक्टरकडे नेऊ या," सून ॲंजेला म्हणाली.

"घरात विहीर आहे नि तू टँकर बोलाव!"

मावशीनं चोळलं. पोर कळवळली, ओरडली आणि मग एकदम शांत झाली. "आजी, थांबलं दुखायचं." हातावरचं तेल वाळायच्या आत ही बातमी वाडीच्या टोकाला पोचली होती.

सकाळी पाहावं तर पोट फळीसारखं कडक आणि डायना तापानं फणफणलेली. तशीच उचलून विरारच्या हॉस्पिटलात नेली. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. सर्जननं तीन बारीक भोकांतून दुर्बिणीनं ते काढलं, पू ओढून घेतला आणि एक नळी ठेवली. तेवढा वेळ मावशी बाहेर बाकावर रोझरीचे मणी ओढत होती. मुलगा ज्युलियस डॉक्टरांशी बोलून आला नि म्हणाला, "सगळं छान झालं, आई."

मग काय! चर्चबाहेर, मासळीवालीजवळ, एकच कथा. "दुखणं मीच थांबवलं गं. त्यांनी नुसती तीन भोकं पाडली." शेजारीण क्लेमेंटीन, मावशीची जन्माची मैत्रीण, प्रत्येक वेळी मान डोलवायची. "पुन्हा सांग ना, फ्लॉसी!"

डायना घरी आली त्या रविवारी अंगणात जेवण होतं. मावशी वड्यांची परात घेऊन दारात आली, तेव्हा नात फ्रॉक वर करून मैत्रिणींना पट्ट्या दाखवत होती.

"डॉक्टर म्हणाले, एकदम दुखायचं थांबलं ना, तेव्हाच फुटलं असणार. पण आजीला सांगायचं नाही हां. पप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. क्लेमेंटीन मावशीलापण."

परात जागच्या जागी टेकली.

"ज्युलियस, मी इतके दिवस गावभर मिरवत होते."

"आई, तुझ्या चोळण्यानंच फुटलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. नेण्यात उशीर झाला, एवढंच. सांगितलं असतं तर तुला लागलं असतं."

"आणि तुम्ही हसत होता ते लागत नाही?"

ॲंजेलानं मान खाली घातली.

क्लेमेंटीननं लगबगीनं आपल्या नातवाला पुढे ढकललं. "फ्लॉसी, आमच्या जेसनचं पोट दुखतंय बघ सकाळपासून. जरा हात लाव." जेसनच्या दोन्ही गालांत वडे होते.

मावशीनं त्या गालांकडे पाहिलं, मग मैत्रिणीकडे. अंगठा पदराला पुसला, दोनदा.

"खोटं दुखणं आणलंस माझ्यासाठी. खरं झालं की दवाखान्यात ने, क्लेमेंटीन. आणि डॉक्टर काय म्हणाला, ते पहिलं मला सांग. तोंडावर."

आणि तिनं परात उचलून दुसऱ्या पंगतीकडे नेली.