ओल धरलेले आठ दिवस

सिंदीतल्या आमच्या घराला चार दारं आणि तीन खिडक्या होत्या. वैशाखातल्या एका सकाळी सासूबाईंनी त्या सातही जागी वाळ्याच्या ताट्या बांधून घेतल्या आणि त्यांच्यावर बादल्याच्या बादल्या पाणी मारायला सुरुवात केली. मला तेव्हाच संशय आला. पाण्याच्या बाबतीत ही बाई कमालीची चिकट. तांदळाचं धुवण गाईला, हातपाय धुतलेलं पाणी कर्दळीला, आणि मी न्हायला बसले की बाहेरून तांब्यांचे आवाज मोजणार. अशी बाई विहिरीचा तळ दिसायला लागलेला असताना दारंखिडक्यांना न्हाऊ घालते म्हणजे त्यामागे काहीतरी असणारच.

स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. मी अलिबागकडची. नागपूरच्या काकांनी स्थळ आणलं आणि मी थेट इकडे विदर्भात येऊन पडले. माझे यजमान सिंदी स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते, कापसाच्या गाठींची नोंद ठेवायचे. घरात आम्ही तिघंच. उकाडा मला नवा नव्हता, पण आमच्याकडचा उकाडा घामाचा. इथे घाम फुटायच्या आत वाळून जायचा. पोळी ताटात वाढेपर्यंत कडक व्हायची. माहेरून आणलेल्या लाकडी पेटीला फट पडली, आणि ओठ असे उलले की हसायची चोरी.

त्यातच एका सकाळी मोरीत चूळ भरली आणि पाण्याबरोबर रक्त पडलं.

कोरडा खोकला आधीच होता. माझी मावशी क्षयाने गेली होती, तीही अशीच खोकत खोकत, आणि लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी ती गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. त्या काळी क्षयाचा नुसता वास आला तरी सुनेला माहेरी पोहोचवत, आणि पोहोचवलेली सून परत आणायला कुणी जात नसे. मी मोरीत तांब्याभर पाणी ओतलं, राख टाकली, आणि कुणापाशी ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

मी मोरीतून निघाले की सासूबाई आत जाऊ लागल्या. काम काही नसायचं. वाकून पाहायच्या आणि बाहेर यायच्या. माझं पाणी प्यायचं फुलपात्र फडताळातून निघून खिडकीत गेलं. एकदा त्यांनी विचारलंच.

"काऊन खोकलून राह्यली व?"

"धुळीने होतं, आत्याबाई."

"हं," त्या म्हणाल्या. त्या एका 'हं'ने माझं दिवसभर जेवणावरून मन उडालं.

आणि मग या ताट्या. दोन जुन्या ताट्या यजमानांनी स्टेशनवरून मागून आणल्या, बाकीच्या घरीच कामट्यांवर वाळा बांधून केल्या. दिवसा सासूबाई पाणी मारायच्या, संध्याकाळी कामावरून आले की यजमान. ताट्यांतून येणारा वारा पाण्यात भिजून यायचा. उतरंडीपाशी ओली वाळू पसरली, मधल्या घरात ओली धोतरं दोरीवर टांगली. सगळं घर दमट झालं. मिठाच्या बरणीला पाणी सुटलं तेव्हा मला माहेरची आठवण येऊन रडूच आलं.

सुख वाटत होतं, हे कबूल करते. पण त्या सुखावर माझा विश्वास बसेना. माझ्यासाठी एवढं का? सासूबाई मला बाहेर अंगणात बसू देईनात, शेजारी जाऊ देईनात. "आतच राहाजो, ओलीत," असं दिवसातून चारदा बजावायच्या. मी मनाशी म्हटलं, यांना कळलंय, आणि मला चार भिंतींत वेगळी ठेवताहेत. यजमान मात्र संध्याकाळी बादली घेऊन हसत विचारायचे, "आता बरं वाटते?" घरात तेवढा एकच माणूस माझ्या बाजूचा आहे असं मी धरून चालले होते.

ताट्या बांधल्यापासून चौथ्या दिवशी रक्त कमी झालं. सहाव्या दिवशी चूळ स्वच्छ पडली. सातव्या, आठव्या दिवशीही. खोकलाही ओसरला. नवव्या दिवशी मी मोरीतून आले, सासूबाई आत जाऊन आल्या, आणि पदराला हात पुसत चुलीपाशी माझ्यासमोर बसल्या.

"नाकातलंच होतं ते," त्या म्हणाल्या. "रातच्यानं घशात उतरत असन. दवाखान्यातल्या कंपाऊंडरले इचारलं मी. आठ दिवस घरात ओल धरून पाहा म्हणे. कोरड्यानं असन त थांबते, छातीतलं असन त थांबत नाई."

मग त्यांनी पोथीच्या कापडातून एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. "हे चुलीत टाक. आता लागत नाई."

त्यांना वाचता येत नव्हतं, मला येत होतं. पत्ता माझ्या वडिलांचा. मजकूर दोन ओळींचा : मुलीची प्रकृती ठीक नाही, येऊन घेऊन जावे, पुन्हा इकडे पाठवण्याचा विचार ठेवू नये. अक्षर ताठ, सुबक, शेवटच्या वेलांटीला लांब शेपूट असलेलं. मालधक्क्यावरच्या नोंदवह्यांत तेच अक्षर असायचं.

"हे कधी लिहिलं?"

"ताट्या बांधल्या त्याच दिवशी."

"आणि रक्त थांबलं नसतं तर?"

"त कार्ड टपालात गेलं असतं. आनखीन काय?" त्यांनी मान जराही खाली घातली नाही. मला त्यांचा संताप आला, पण खोटं बोलल्या असं काही म्हणता येईना. मग त्यांनीच उलट विचारलं, "तुया माहेरी कोणाले होता का हा रोग?"

"नाही," मी म्हटलं. पापणीही हलवली नाही. त्यांनी पिठाची परात पुढे ओढली. कार्ड मी चुलीत घातलं. ते जळेपर्यंत तिथून उठले नाही.

संध्याकाळी यजमान आले. सदरा काढून खुंटीला लावला, बादली भरली आणि नेहमीसारखं विचारलं, "आता बरं वाटते?"

"हो," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातून बादली काढून घेतली. त्यांना वाटलं, बायकोला आपली दया आली. "अवं, राहू दे, मी मारतो ना," ते म्हणाले. मी दिली नाही. त्या दिवसापासून मृग लागेपर्यंत सातही ताट्यांवर पाणी मीच मारलं, दिवसातून पाच वेळा, आणि दुसऱ्या कुणाला बादलीला हात लावू दिला नाही.