बिऱ्हाड आधी जातं

गेमचा दुसरा भाग आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तो तीनदा लॅपटॉपवरून काढून टाकला आणि तीनदा परत घातला. आता लोक विचारतात, नव्या भागातले बदल तुम्हाला कसे वाटले म्हणून. कसले वाटतायत? अंगाचा तिळपापड झाला होता माझ्या. पहिला भाग मी कितीतरी वर्षं खेळले. राजा व्हायचं, नकाशावर जागा दाखवायची, फौज तिकडं चालू पडायची. दुसऱ्या भागात ह्या लोकांना शहाणपण सुचलं. हेर आता खोटं बोलायला लागले. शेजारचे राजे जुना अपमान मनात धरून बसायला लागले. एकाचा दूत म्हणून आलेला वकील मी दोनदा दारात ताटकळत ठेवला, तर त्यानं ऐन लढाईत पाठ फिरवली. तेही चाललं असतं. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, मनात धरून बसणारी माणसं मला रोजचीच आहेत.

डोकं फिरवलं ते तिसऱ्या बदलानं, रसदीनं. पूर्वी फौजेचं खाणंपिणं फौजेबरोबरच असायचं, दिसायचंसुद्धा नाही. आता दाणा, वैरण, तंबू सगळं ओझ्याच्या घोड्यांवर लादून वेगळं चालतं. आपण फौज पुढं काढायची, ओझं मागून येतं, मधेच शत्रू त्याला गाठतो, आणि तिसऱ्या मुक्कामाला आपली घोडी पटापट मरतात. माझी तीन राज्यं अशी बुडाली. लढाईत एकदाही हरले नाही मी.

आई माझ्याकडंच असते, सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. बाबा गेल्यावर आमची मेंढरं चुलत्याच्या कळपात गेली आणि तिचे गुडघे धरले म्हणून मी तिला गावाकडनं इकडं आणलं. तिला इथं काही काम नाही. मी संध्याकाळी ऑफिसातनं येऊन खेळायला बसले की ती मागं पलंगावर बसून बघायची. मला ते मुळीच आवडायचं नाही. माझी घोडी मेली की ती चुकचुकायची आणि मग मला आणखी राग यायचा. चौथ्या राज्याची घोडी मेली तेव्हा मी टेबलावर हात आपटला. तेव्हा ती बोलली.

"बिऱ्हाड मागं कशाला ठिवतीस गं? बिऱ्हाड आदी जातं."

मी तिला गप बस म्हणाले. खरंच, ह्याच शब्दांत. ती काही गप बसली नाही. सांगत राहिली की मेंढरं घेऊन निघाल्यावर पुरुष माणसं कळप चारत चारत येतात, त्यांना दिवस लागतो. बायका सकाळीच पालाचा तंबू मोडून, भांडी-कोंबड्या-कोकरं सगळं घोड्यावर लादून, जवळच्या वाटेनं पुढच्या मुक्कामाला जातात. पाणी बघायचं, रानमालकाला विचारायचं, चूल पेटवायची, मेंढरं कोंडायचं जाळं ठोकून ठेवायचं. दमलेली मेंढरं आल्यावर जागा कोण हुडकत बसणार? इतकं साधं होतं ते.

मी चिडूनच तसं करून बघितलं. फौज निघायच्या आधी ओझ्याची घोडी थोडे स्वार देऊन पुढं पाठवली, पाण्याजवळ तळ मांडला, मग फौज हलवली. एक घोडं मेलं नाही. तीन मुक्काम, चार, सहा. आई मागनं सांगायची, हितं नको, हितं चिखल हाय, आणि मी मुकाट्यानं ऐकायची. आणि खरा राग आला तो माझाच. कारण ह्या बिऱ्हाडामागनं मी स्वतः चाललेय, सात-आठ वर्षांची होईपर्यंत, घोड्याच्या शेपटीकडं बघत. पुढं वसतिगृहात माझ्या अंथरुणाचा वास येतो म्हणून एका मुलीनं खोली बदलून मागितली, तेव्हापासून मी सगळीकडं सांगत आले की आमची शेती आहे. ऑफिसातही तेच माहीत आहे. विसरायला इतकी मेहनत घेतली की विसरलेच की मी.

आमच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे एक सर आहेत. तेही हाच गेम खेळतात आणि त्यावर व्हिडिओ करतात. त्यांचीही घोडी मरत होती. माझी मरत नाहीत हे कळल्यावर म्हणाले, मॅडम, तुमच्या आवडत्या बदलांवर एक भाग करू या, ऑफिसातल्या बाई असलं खेळतात हे लोकांना गमतीचं वाटेल. गमतीचं! तोंडावर फाइल मारावी वाटली. पण हो म्हणाले. मलाही कौतुक हवं होतं, दुसरं काय.

रविवारी दुपारी सर घरी आले. मोबाइल स्टँडवर लावला. आईनं चहा दिला आणि दाराशी उभी राहिली. मी हेरांचं सांगितलं, राजांच्या रागाचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, सगळ्यात आवडता बदल रसदीचा, आणि बिऱ्हाड आधी कसं पाठवते तेही दाखवलं. सर पुढं सरकले. बिऱ्हाड पुढं पाठवायची ही युक्ती अफलातून आहे म्हणाले, मला आजवर कुठं सापडली नाही, तुम्हाला कुठं मिळाली?

आई माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "एका जुन्या पुस्तकात वाचलं. फिरत्या मेंढपाळांवर आहे."

सरांनी पुस्तकाचं नाव विचारलं. बघून सांगते म्हणाले. ते खूश होऊन गेले.

मी कप उचलून आत गेले आणि बाहेर आले तर आई हात धुऊन, पदर नीट करून माझ्या खुर्चीशेजारी बसली होती. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तिच्या तोंडावर तर हसू होतं.

"आमचं लिवलंय व्हय कुणी?" ती म्हणाली. "मी सांगितलं त्येच निघालं की पुस्तकात. मला वाचून दाव. घोड्याचंबी हाय का त्यात?"

आईला वाचता येत नाही. मी पुस्तकात वाचलं म्हटल्यावर ते पुस्तकात असणारच, असा तिचा माझ्यावर विश्वास. वाटलं, कसलंही पुस्तक काढावं आणि बनवून वाचावं. तेवढं धाडस झालं नाही.

"आई, पुस्तक नाही," मी म्हणाले. "तूच सांगितलंस ते. मी खोटं बोलले."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग विचारलं, का? मी विसरले, गडबडले असं काहीबाही बोलत सुटले. ती ऐकून घेत होती. शेवटी मला ते असह्य झालं. मी तिच्यासमोर सरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि सांगून टाकलं की आम्ही मेंढरंवाले, हे आईचं ज्ञान आहे, पुस्तकबिस्तक काही नाही. सरांना तर आनंदच झाला. म्हणाले, अहो, मग आईंनाच बसवू, त्यांच्या त्या पारंपरिक वेशात, बघा कसा चालतो तो भाग. मी फोन कापला. तरी आईला विचारलं, बसशील का, मी शेजारी बसते, सगळ्यांना सांगते तू माझी आई म्हणून.

"आता सांगून काय करू?" आई म्हणाली. "त्यो हितं बसून इच्यारत व्हता, मी दारात हुबी व्हते. तवा सांगायचं व्हतं."

तिनं गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली. मी हात पुढं केला, तो तिनं धरला नाही. तेव्हापासून मी लॅपटॉप उघडला की ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.