नागपूरसाठी बदललेला गिअर

"गाडी समोरून दिसते भाऊ, चालते मागून," असं म्हणत आमच्या बूढापारा मोहल्ल्यातले शेजारी आपल्या जुन्या अॅम्बेसेडरच्या मागच्या चाकावर थाप मारायचे. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, पण बोलणं सगळं डिफरन्शियलचं. तुमच्याही मोहल्ल्यात असा एखादा असेलच. आपण दमून घरी येतो आणि हा फाटकातच गाठतो.

त्यांचं गणित मला पाठ झालं होतं. मागच्या दोन चाकांच्या मधे, त्या डिफरन्शियलमध्ये, एक दातेरी जोडी असते. चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला जास्त फिरावं लागलं, तर गाडी गल्लीत जोरात ओढते आणि हायवेवर बोंबलते. कमी फिरावं लागलं, तर हायवेवर शांत पळते आणि गल्लीत रडते.

त्यांची गाडी बोंबलणारी होती. वहिनींचं माहेर नागपूर. त्या आवाजानं त्यांचं डोकं उठायचं, म्हणून त्या बसनं जायच्या. घरात गाडी असून बायको बसमध्ये, हे त्यांना फार लागायचं. शेवटी भंगारवाल्यांकडे हिंडून त्यांनी दुसरी, शांत पळणारी जोडी मिळवली आणि बसवली. म्हणाले, "आता हिले नागपूरपर्यंत झोप लागते का नाही, पाहा."

आणि वहिनींच्या किडन्या गेल्या. नागपूर राहिलं बाजूला, गाडी डायलिसिसच्या चकरा मारू लागली. सगळ्या गल्ल्या, सगळे ब्रेकर. जागोजागी पहिला गिअर, अर्धा क्लच, तरी हिसका बसायचाच. मागच्या सीटवर वहिनी सुईचा हात छातीशी धरून डोळे मिटून घ्यायच्या. मी पुढे बसलेला असायचो. काय सांगू, जीव नकोसा व्हायचा.

मीच म्हटलं, जुनी जोडी परत टाका. त्यांनाही पटलं, मिस्त्रीशी बोलणं झालं. वहिनींच्या कानावर गेलं, तशा त्या म्हणाल्या, "काहून बदलता? मले नागपूरले न्यायचं नाही का?"

जोडी तशीच राहिली. ते फक्त आणखी हळू चालवू लागले. मागून हॉर्न वाजवणाऱ्या पोट्ट्यांना थकल्या आवाजात म्हणायचे, "हव भैया, निकल जा."

उन्हाळ्यात वहिनी गेल्या. दिवस झाल्यावर त्यांच्या साड्या धाकट्या बहिणीला द्यायच्या म्हणून आम्ही दोघं नागपूरला निघालो. शहर सुटलं, त्यांनी वरचा गिअर टाकला आणि इंजिनाचा आवाज खाली बसला. खरंच, कुणी कुजबुजलं असतं तरी ऐकू आलं असतं. मग आरशातून मागच्या सीटवरच्या गाठोड्याकडे पाहत म्हणाले, "झोपली असती हो."